‘इथंच सोडा, पुढे गल्ली अरुंद आहे’

नागपुरातली एक वाचक. वय 29, खासगी बँकेत अधिकारी. शहराच्या मध्यवस्तीत हाउसिंग बोर्डाचे जुने क्वार्टर आहेत. तिथं तिसऱ्या मजल्यावर एक खोली, लागून स्वयंपाकघर आणि पुढे गॅलरी, एवढ्या जागेत तिचं आजवरचं आयुष्य गेलं. घर आजोबांच्या नावानं मिळालेलं. आजोबा आणि वडील दोघंही एम्प्रेस मिलमध्ये होते. मिल बंद झाली तेव्हा ती पहिलीत होती. पुढे वडिलांनी ऑटो चालवला, आता ते रात्रपाळीचे वॉचमन आहेत. आई चार घरी पोळ्या करते. तिच्या दहावीच्या परीक्षेची फी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी भरली होती, हेही तिनं आठवणीनं लिहिलं आहे.

धाकटा भाऊ 16 वर्षांचा, अकरावी सायन्सला. सहामाहीत दोन विषयांत नापास झाला. चौकातल्या गॅरेजसमोर पोरांमध्ये बसतो, कुणाकुणाच्या गाड्या खोलतो. मागच्या महिन्यात त्या पोरांपैकी दोघांना मोबाइल चोरीच्या संशयावरून पोलिसांनी नेलं. तेव्हापासून हिला झोप नाही. बेसा भागात दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्यानं पाहून ठेवला आहे, सगळ्यांना तिकडे न्यायचं ठरवलं आहे. वडील म्हणतात, ‘घर सोडलं तं गेलं.’ आई काहीच बोलत नाही. आणि भाऊ म्हणाला, ‘तुले लाज वाटते इथची, म्हणून नेतेस आमाले.’

पत्राच्या शेवटी ती लिहिते, की ऑफिसमधलं कुणी गाडीनं सोडायला आलं तर ती चौकातच उतरते. ‘इथंच सोडा, पुढे गल्ली अरुंद आहे,’ असं सांगते. तिचा प्रश्न: वस्तीनं भावाला गिळायच्या आत त्याला बाहेर कसं काढू? आणि तो म्हणाला ते खरं आहे का?

*

ताई,

तुमचा भाऊ चौकात बसतो, असं तुम्ही पत्रात चार वेळा लिहिलंत. किती वाजता बसतो, ते एकदाही नाही.

मी विचारते, कारण तुमचं घर मला दिसतं. माझं लहानपण रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं आणि वरचा मजला आमच्याच वाट्याला होता. नागपूरच्या मे महिन्यात स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री माणसं झोपायला आली की ते खाली सोडतो. 2013 च्या मे महिन्यात शहराचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. तो आकडा हवामान खात्याचा, सावलीतला. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत किती असतं ते कुणी मोजत नाही. कुलर लावायचा तर एकुलती खिडकी त्यात जाते, आणि नळाला धार नसली तर त्याचं पाणीही खालून बादल्यांनी आणायचं. अशा खोलीत पहाटे उठणारी आई, रात्रपाळी करून दिवसा झोपणारे वडील आणि दहा तास बँकेत उभ्या-बसून दमलेल्या तुम्ही. यात मिसरूड फुटलेल्या, पाय लांब केले तर भिंतीला टेकणाऱ्या पोरानं बसायचं कुठं? दिवसा बाबा झोपलेले म्हणून आवाज करायचा नाही. रात्री आई झोपलेली म्हणून दिवा लावायचा नाही. त्याच्या वयाच्या मुलाला मित्रांशी तासभर बोलायला, हसायला, नुसतं पडून राहायला जागा लागते. सुस्थितीतल्या घरात तिला त्याची खोली म्हणतात. तुमच्याकडे ती गॅरेजसमोरच्या कट्ट्यावर आहे.

चौकात काहीच धोका नाही, असं मी म्हणत नाही. त्याबद्दल पुढे लिहिते. पण तो तिथं बिघडायला जातो, हे तुम्ही धरून चालला आहात. बहुतेक संध्याकाळी तो तिथं फक्त मावायला जातो.

तुम्ही लिहिता, ‘मीही त्याच खोलीत शिकले, मग त्याला काय होतं?’ ताई, तुम्ही मुलगी होतात. दिवेलागणीला तुम्हाला वर बोलावलं जायचं. जिन्यात उभं राहिलं तरी कुणीतरी आईला सांगायचं. तुम्ही आत राहिलात, आणि आत पुस्तक सोडून काही नव्हतं म्हणून पुस्तक वाचलंत. त्यात तुमची जिद्द होतीच, ती मला कमी करायची नाही. पण जी गोष्ट तुम्ही शिस्त म्हणून भावापुढे ठेवता ती बरीचशी बंदी होती. तिची किंमतही तुम्ही दिलीत. ‘वस्तीत माझी एकही मैत्रीण नाही’ हे वाक्य तुमच्याच पत्रात आहे. त्याच खोलीनं तुम्हाला बाहेरची जागा दिली नाही आणि त्याला आतली.

दुसरा फरक काळाचा आहे. त्यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुम्हा दोघांचं लहानपण एका छताखाली गेलं तरी एका वस्तीत गेलेलं नाही.

एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी 1877 साली सुरू केली आणि 2002 साली ती कायमची बंद झाली. तुम्ही पहिलीत होतात तेव्हा तुमच्या जिन्यातल्या घराघरांतला कर्ता पुरुष एकाच वेळी घरी बसला असेल. ते दिवस वाईटच. पण तेव्हा कुणाला कुणापासून काही लपवायचं नव्हतं. पीठ मागायला वाटी घेऊन गेलं तर देणारी बाई उद्या आपल्याकडेच येणार, हे दोघींना ठाऊक होतं. खालच्या काकूंनी तुमची दहावीची फी भरली ती त्या काळाची पुण्याई. तुमच्या यशात ती वस्ती आहे, ताई. ‘वस्तीनं गिळणं’ हा शब्द लिहिताना तुम्हाला त्या काकू आठवल्या नसाव्यात.

भाऊ जन्मला तोवर मिलचा भोंगा थांबून सहा-सात वर्षं झाली होती. ज्यांना जमलं ती घरं बाहेर पडली. ज्यांच्या धाकानं पोरं जिन्यात विडी ओढायला घाबरायची अशी वडीलधारी माणसं त्यांच्याबरोबर गेली, आणि त्यांच्या क्वार्टरमध्ये भाडेकरू आले. गांधीसागराजवळ मिलच्या जागेवर मॉल उभा आहे. आजोबा तिथं पाळीला जायचे, नातू आत शिरताना दारातल्या रक्षकाकडून तपासला जातो आणि आत प्रत्येक वस्तूवर किंमत लावलेली असते. गरिबी तुमच्या वाट्याला आली तेव्हा ती सगळ्या जिन्याची होती. त्याला ती आपल्या एकट्याची वाटते.

आता तो जे म्हणाला त्याकडे येते.

तुम्ही ज्या चौकात गाडीतून उतरता, तो चौक आणि भाऊ बसतो तो चौक एकच आहे ना? पत्रावरून तरी तसंच दिसतं. मग ‘पुढे गल्ली अरुंद आहे’ हे त्यानं ऐकलेलं आहे, बहुधा बऱ्याचदा. त्याच गल्लीत ऑटो उभा करून तुमच्या वडिलांनी घर चालवलं, तेव्हा ती किती रुंद आहे हे त्याला माहीत आहे.

तुम्हाला बोल लावायला हे लिहीत नाही. नागपुरात ‘कुठं राहता’ हा प्रश्न साधा नसतो. पत्ता ऐकून समोरचा माणूस जात ताडतो, बापाचा धंदा ताडतो, आणि मग तुमच्याशी किती वाकून किंवा ताठून बोलायचं ते ठरवतो. नोकरीच्या सुरुवातीला तुम्ही स्वतःला त्यापासून वाचवलंत. ते चिलखत होतं आणि तेव्हा त्याची गरज होती. पण घरातल्या लहानग्याला चिलखत कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की जिला सगळे शहाणी म्हणतात ती ताई या घराला आपलं म्हणत नाही. मग या घरात राहून अभ्यास करून काय होणार, असं त्यानं ठरवलं असेल तर त्यात माझ्या मते चौकातल्या पोरांपेक्षा या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

आणि लाज वाटण्यासारखं त्या घरात काय आहे, तेही एकदा पाहा. ही घरं कुणी उपकार म्हणून वाटलेली नव्हती. 1952 साली केंद्र सरकारनं कारखान्यांतल्या कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना आणली, 1956 साली झोपडपट्टी निर्मूलनाची. इकडे 1960 मध्ये विदर्भ गृहनिर्माण मंडळ झालं आणि 1977 मध्ये म्हाडा. ज्यांच्या कष्टावर शहर चालतं त्यांना शहराच्या आत, कामाच्या जवळ, पक्कं छप्पर मिळावं, हा त्यामागचा विचार होता आणि तो चांगला विचार होता. बिघडलं ते पुढे. देखभाल झाली नाही, काम गेलं, माणसं वाढली आणि खोली तेवढीच राहिली. तुमच्या आजोबांनी त्या खोलीचे पैसे मिलच्या पगारातून भरले असणार. त्यांनी पावत्या जपून ठेवल्या असतील, तर त्या एकदा भावाला दाखवा.

तेव्हा जायचं की राहायचं? तुम्हाला त्या घरातून बाहेर पडावंसं वाटणं यात काहीच गैर नाही. उकाडा खरा आहे, दाटी खरी आहे, जिन्यातला वास खरा आहे. त्यांच्यासाठी घर बदलायचं असेल तर जरूर बदला. माझी शंका फक्त भावाच्या नावावर बदलण्याबद्दल आहे.

यावर अमेरिकेत एक मोठा प्रयोग झालेला आहे. 1994 पासून पाच शहरांतल्या सरकारी वसाहतींमधल्या गरीब कुटुंबांना सोडत काढून, कमी गरिबीच्या भागात जाण्यासाठी भाड्याची मदत दिली गेली. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे त्या मुलांची मोठेपणीची कमाई तपासली आणि 2016 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेराव्या वर्षाच्या आत जी मुलं हलली त्यांचा चांगला फायदा झाला. जी त्याहून मोठेपणी हलली त्यांचा फायदा दिसला नाही, उलट थोडं नुकसानच दिसलं, बहुधा त्या वयात जुनी माणसं तुटतात आणि नवी जोडायला वेळ उरत नाही. त्याच प्रयोगाच्या आधीच्या पाहणीत असंही आढळलं होतं, की किशोरवयीन मुलींना नव्या जागी बरं वाटलं, मुलांना तसं नाही. तिथल्या वसाहती आणि आपले क्वार्टर यांत फरक आहे, हे मान्य. तरी 16 वर्षांच्या मुलाला मनाविरुद्ध बेसाला नेऊन ठेवलं, तर तो बस पकडून संध्याकाळी त्याच चौकात येईल आणि रात्री अकराला परत जाईल, हे सांगायला मला प्रयोगाचीही गरज वाटत नाही.

आई गप्प का आहे, याचाही विचार करा. तिची चार घरं पायी अंतरावर आहेत. बेसाहून ती रोज कशी येणार? की ‘आता सोड ते काम’ असं तुम्ही गृहीत धरलंय? पोळ्यांचे ते पैसे तिचे स्वतःचे आहेत, तेव्हा आधी तिला विचारा.

वडिलांच्या ‘घर सोडलं तं गेलं’ या बोलण्याला मात्र मी पूर्ण वजन देईन. त्यात हट्ट कमी आणि अक्कल जास्त आहे. घर आजोबांच्या नावानं मिळालं असं तुम्ही लिहिता, पुढे वारस नोंद झाली का ते लिहीत नाही. अशा कित्येक घरांत आजोबा जाऊन वीस-वीस वर्षं झाली तरी कागद त्यांच्याच नावावर असतो. तुम्ही कुठेही राहा, हे काम याच महिन्यात हाती घ्या. मूळ वाटपपत्र, भाड्याच्या किंवा हप्त्याच्या जुन्या पावत्या, आजोबांचा मृत्यू दाखला, वारसांचे कागद, वीजबिल, कराच्या पावत्या हे सगळं एका फाइलमध्ये लावा. घर भाड्यानं आहे, भाडे-खरेदीवर आहे की विकत झालेलं आहे, हे म्हाडाच्या नागपूर मंडळाकडे लेखी अर्ज करून विचारा आणि अर्जाची पोच घ्या. आत्या-काका असतील तर त्यांच्याशी आत्ताच मोकळेपणानं बोला. उद्या इमारतीचा पुनर्विकास निघाला तर कागद ज्याचा चोख त्याचीच बाजू उभी राहते. तोवर घराला कुलूप लावून जाऊ नका, आणि ओळखीचा आहे म्हणून तोंडी बोलीवर कुणाला राहायला देऊ नका. हे वाचणाऱ्या, अशाच क्वार्टरमध्ये राहणाऱ्या इतरांनाही माझं हेच सांगणं आहे. वडिलांचा नकार या एका कामानं मऊ होईल असं मला वाटतं.

मग बेसाचा फ्लॅट आणि आहे ते घर, यांच्या मध्ये काही आहे का? आहे. त्या फ्लॅटच्या भाड्याहून बऱ्याच कमी पैशांत चार-दोन गल्ल्या सोडून एक साधी खोली मिळू शकेल. रात्री तुम्ही आणि आई तिकडे झोपा, किंवा बाबा दिवसा तिकडे झोपोत. एक माणूस कमी झालं तरी त्या घराचा श्वास मोकळा होतो. तेही शक्य नसेल तर भावाला अभ्यासिकेत जागा घेऊन द्या. नागपुरात आता वस्तीवस्तीत अभ्यासिका आहेत, उशिरापर्यंत उघड्या, पंख्याखाली हक्काची खुर्ची. पण तिथं त्याला ढकलू नका. पहिला आठवडा तुम्हीही कामाचं काहीतरी घेऊन शेजारी बसा.

आणि खेळ. हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे सरांनी पावसात तुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली मुलं पाहिली आणि 2001 पासून अशा मुलांसाठी फुटबॉल उभा केला, तो याच शहरात. त्यांनी मुलांना आधी बाहेर काढलं नाही. ती होती तिथं त्यांना चेंडू आणि मैदान दिलं.

आता तुम्हाला कदाचित आवडणार नाही असं एक. सायन्स कुणी निवडलं? त्याच्या निकालाबद्दल तुम्ही अर्धं पान लिहिलंत, आणि तो गाड्या खोलतो हे एका ओळीत, तेही तक्रार म्हणून. खोललेली गाडी तो परत जोडतो का? ती चालू होते का? होत असेल तर त्या पोराला काहीतरी येतं, आणि ते त्याला घरात कुणीही सांगितलेलं नाही. दहावीनंतर आयटीआयला दुचाकीच्या मेकॅनिकपासून ट्रेड आहेत, श्रद्धानंद पेठेत सरकारी आयटीआय आहे. तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमाही दहावीवर होतो, आणि तो करून पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. अकरावीचं एक वर्ष गेलं तर आभाळ कोसळत नाही. मात्र काल सायन्स लादलं तसं उद्या आयटीआय लादू नका. त्या गॅरेजवाल्याला एकदा भेटा. भावाबद्दल त्याला काय वाटतं ते विचारा. तुमच्या भावाच्या आयुष्यात रोज दिसणारा मोठा माणूस सध्या तोच आहे, आणि तुम्ही त्याचं नावही लिहिलेलं नाही.

पोलिसांचं. भावाला नेलेलं नाही, मित्रांना नेलं. हा फरक तुम्ही स्वतः जपा, नाहीतर घरातच त्याला आरोपी केल्यासारखं होईल. तरी माहिती असू द्या. 18 वर्षांखालच्या मुलाला 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. पकडलं तर 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं, आणि पालकांना कळवावं लागतं. पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी कोण आहे ते विचारायचं. मुलांना आणि स्त्रियांना उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098. त्या दोन मुलांच्या आयांना हे ठाऊक नसेल, तर तुम्ही जाऊन सांगा. बँकेतली पोरगी आपल्या दारात आली, हे वस्ती विसरणार नाही आणि भाऊही.

पैसे गायब होणं, डोळे लाल, दिवसचे दिवस झोप किंवा अजिबात झोप नाही, असं काही दिसत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. मग थांबू नका. मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, आणि 14416 या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

चौकात उतरण्याचं एका दिवसात सोडा, असं मी म्हणणार नाही. ऑफिसमधलं एक माणूस निवडा. जिच्यासमोर डबा उघडताना तुम्हाला संकोच वाटत नाही अशी कुणीतरी असेलच. एखाद्या संध्याकाळी ती सोडायला आली की तिला गल्लीत आत घेऊन या, तिसऱ्या मजल्यावर, चहाला. आईला आधी सांगून ठेवा. गाडी चौकातून आत वळताना भाऊ कट्ट्यावर असेल तर काच खाली करून त्याला हाक मारा, दूध आणायला सांगा.

आणि त्या रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी, गॅलरीत तो एकटा सापडला की बोला. फ्लॅटपासून सुरुवात नको, मार्कांपासून तर नकोच. ‘त्या दिवशी तू म्हणालास ते अर्धं खरं होतं,’ एवढंच म्हणा. उरलेलं अर्धं लगेच समजावायला जाऊ नका. तो काय म्हणतो ते आधी येऊ द्या.